राखणाऱ्यांचे हात

सह्याद्रीच्या कुशीत, पोलादपूर तालुक्यात आमचे कापडे हे गाव वसले आहे. येथे आषाढात पाऊस एकदा लागला, की आठ-आठ दिवस उघडीप म्हणून मिळत नाही. यासाठी मृग लागण्यापूर्वीच घरे शाकारली जात आणि भिंतींना झड लागू नये म्हणून पेंढ्याचे आडोसे बांधले जात. घर एकदा बांधावे लागते, पण राखावे मात्र दरसाल लागते, हे आम्हांला लहानपणीच उमगले. जुन्या गोव्यातील भव्य ख्रिस्तमंदिरे पाहताना मला याच गोष्टीची पुन्हा आठवण झाली.

जुने गोवे ही एके काळी पोर्तुगीजांची राजधानी होती. तेथील ‘से कॅथीड्रल’ हे आशिया खंडातील मोठ्या ख्रिस्तमंदिरांपैकी एक होय. ज्या मंदिरात बिशपचे आसन असते, त्याला कॅथीड्रल म्हणतात. ‘से’ या शब्दाचा मूळ अर्थही आसन किंवा पीठ असाच आहे. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे जिंकले. तो दिवस संत कॅथरिनचा असल्याने हे मंदिर तिला अर्पण केलेले आहे. बांधकामास १५६२ मध्ये आरंभ झाला आणि मुख्य इमारत पुरी व्हावयास १६१९ साल उजाडले. ज्यांनी पाया खणला, त्यांपैकी किती जणांना पुरी झालेली वास्तू पाहावयास मिळाली असेल! दर्शनी बाजूस दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ या नावाची प्रचंड घंटा आहे.

जवळच्याच टेकडीवर संत ऑगस्टीनचे विशाल मंदिर होते. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धर्मसंघ बंद केले, तेव्हा ते राखणारे साधू निघून गेले. मग त्याची निगा कोण राखणार? अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, त्याचे कमानदार छत खाली आले. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोराही ढासळला. आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे.

कॅथीड्रलसमोर, रस्त्यापलीकडे, १६०५ मध्ये पवित्र केलेले ‘बॉम जेझस’ हे मंदिर आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर तेथे जपून ठेवले आहे. त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून १९५०च्या सुमारास तो काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी तो शोषून घेतो, आणि म्हणून उघड्या भिंती झिजू लागल्या. तांबडी भिंतच आता लोकांच्या डोळ्यांना सवयीची झाली आहे, ती तशीच असू द्यावी, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठी म्हाताऱ्या माणसाला पावसात उघडे ठेवावे काय? त्या भिंतींना चुन्याचे पांघरूण पुन्हा मिळाले पाहिजे.

कोणी विचारील, “ज्या सत्तेने गोव्यातील देवळे पाडली, तिच्या वास्तू आपण का जपाव्या?” प्रश्न रास्त आहे. तो अन्याय विसरू नये, मुलांना तो सांगितलाही पाहिजे. परंतु दगडाला अपराध नसतो. जांभा या मातीतला होता, आणि तो वाहणारे कितीतरी हातही येथलेच होते. एक वास्तू पाडल्याचे दुःख दुसरी पडू देऊन कसे शमेल?

पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी पेटले. लाकडी छत जळाले आणि उंच शिखर कोसळले. सुतार, पाथरवट आणि इतर कारागीर पाच वर्षे झटले, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये त्याची दारे पुन्हा उघडली. ११६३च्या सुमारास पाया घालणाऱ्यांइतकाच मान या कारागिरांना मिळावयास हवा.

मुलांनो, भव्य वास्तू पाहून आपण ती बांधणाऱ्या राजाचे नाव विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारीत जा: “ही राखतो कोण?” आणि आपल्या गावच्या देवळाच्या, शाळेच्या किंवा किल्ल्याच्या बाबतीत हा प्रश्न आला, तर उत्तरासाठी दुसऱ्याकडे पाहू नका.