गॅस संपत नाही, गळतो

मार्च सरत आला की वाशीम, कारंजा, रिसोडच्या गॅरेजांपुढे गाड्या उभ्या राहू लागतात आणि बहुतेक मालकांचे मागणे एकच असते: एसी थंड करत नाही, जरा गॅस मारून द्या. मेकॅनिक डबा जोडतो, थोड्याच वेळात गार हवा येऊ लागते, हजार-दोन हजार रुपये मोजून मालक निघतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच गाडी, तेच गॅरेज आणि तेच मागणे. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की, एसीचा गॅस पेट्रोलप्रमाणे वापरून संपतो अशी समजूतच झाली आहे. ही समजूत चुकीची आहे आणि ती महाग पडते. एसी बिघडला की पहिली तपासणी मालकाने स्वतः, घराच्या अंगणातच केली पाहिजे. आणि गॅरेजमध्ये जायची वेळ आलीच तर गॅस मागण्याआधी तो कुठून गेला हे विचारले पाहिजे.

गाडीचा एसी ही बंदिस्त यंत्रणा आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर त्या तापलेल्या गॅसची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो द्रव कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे त्याची वाफ होताना केबिनमधली उष्णता शोषली जाते आणि ती वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते. या फेऱ्यात काहीच जळत नाही, काहीच खर्ची पडत नाही. सर्वसाधारण मोटारीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. रबरी नळ्यांमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून तो किंचित झिरपतो, हे खरे. पण किती? युरोपीय संघाने २००६ साली केलेल्या कायद्यात एका कूलिंग कॉइलच्या मोटारीसाठी ही मर्यादा वर्षाला ४० ग्रॅम ठेवली आहे. म्हणजे धडधाकट यंत्रणेतून वर्षभरात अर्ध्या किलोतला बारावा भागही जाता कामा नये. थंडावा जाणवण्याइतका कमी व्हायला काही वर्षे जावी लागतात. ज्या गाडीला दर उन्हाळ्यात गॅस लागतो, तिच्यात कुठेतरी गळती आहे, याला दुसरा अर्थ नाही. त्याच युरोपीय कायद्यात असेही कलम आहे की, गॅस अवाजवी प्रमाणात गळालेला असेल तर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत गॅरेजवाल्याने नवा गॅस भरायचा नाही. आपल्याकडे मात्र पंक्चर न काढता रोज हवा भरत राहावे, तसे चालले आहे.

हा गॅस हवेत गेला तर काय होते, हेही मालकाला कळायला हवे. आज रस्त्यावरच्या बहुतेक भारतीय मोटारींमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या जुन्या आर-१२ या गॅसची जागा १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याने घेतली. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता कोंडून धरण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. अर्धा किलो गॅस हवेत गेला तर तो साधारण सातशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. एक लिटर पेट्रोल जळताना अंदाजे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हिशेब करून पाहिला तर एका गाडीच्या एसीतला सगळा गॅस गळू देणे म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या मोटारीने साडेचार हजार किलोमीटरहून अधिक धावणे. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरच्या हिशेबात नागपूर ते मुंबई सहा खेपांहून जास्त. ज्या उन्हापासून सुटका हवी म्हणून एसी लावायचा, त्याच उन्हात ही भर पडते.

आता अंगणातली तपासणी. पहिला प्रश्न हवेचा: हवा गार नाही, की मुळात कमी येते? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅसचा संबंध असलाच तर पहिलीशी. हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर पाहावा. अनेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काही स्वस्त मॉडेलांत कंपनी तो देतही नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात या फिल्टरची दशा काय होत असेल, हे सोयाबीनच्या मळणीचा हंगाम पाहिलेल्याला सांगायला नको. कुटाराचा बारीक भुसा, काळ्या मातीची धूळ, शेतरस्त्यावरचा फुफाटा, सगळे तिथे जाऊन बसते. उभ्या गाडीत उंदीर घर करतात ते वेगळेच. फिल्टर काढून झटकणे किंवा काही शे रुपयांत नवा बसवणे हे कुणालाही जमण्यासारखे काम आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या नंबरवर चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. ब्लोअर अजिबात चालत नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावेत; फ्यूजच्या डबीच्या झाकणावर आकृती छापलेली असते. प्रवासाच्या सुरुवातीला छान गार आणि अर्ध्या तासाने हवाच बंद, असे होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असावा. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा. थोड्या वेळाने हवा परत आली तर संशय पक्का होतो, आणि तिथे आणखी गॅस मारणे हा उपाय नव्हे.

हवा भरपूर येते पण गार नाही, अशा वेळी आधी आतली बटणे पाहावीत. बाहेरची हवा आत घेण्याची कळ चालू राहिली असेल तर ४३ अंशांची हवा सतत गार करण्याचे ओझे यंत्रणेवर पडते, आणि ते तिला पेलत नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून कोंडलेली हवा घालवावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याची कळ दाबावी. तापमानाचा नॉब गरम बाजूला सरकलेला नाही ना, हेही पाहावे. मग बोनेट उघडावे. एसी सुरू केल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच टक् असा आवाज करून पकडतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. नव्या काही गाड्यांत क्लचच नसतो, तेव्हा आवाज आला नाही म्हणून घाबरू नये. एसी सुरू असताना पुढचा फॅन फिरला पाहिजे. तो फिरत नसेल तर गाडी धावताना एसी गार करतो आणि सिग्नलवर किंवा टोलनाक्यावर थांबली की गरम हवा येते. ही खूण ओळखता आली तर गॅसचा खर्च वाचतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे सर्वांत जास्त भोगतो तो कंडेन्सर. मे २०२४मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेल्याने जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले होते. १९९८पर्यंत वाशीम याच जिल्ह्याचा भाग होता आणि ऊनही फारसे वेगळे नाही. अशा दुपारी डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहूनही तापलेली असते. कंडेन्सरला आपली उष्णता याच हवेत टाकायची असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये धूळ, किडे आणि भुसा अडकला असेल तर ती टाकताच येत नाही. सकाळी सातला एसी उत्तम आणि दुपारी दोनला निकामी, असा अनुभव येत असेल तर आधी कंडेन्सर आणि फॅन संशयित धरावेत. इंजिन थंड असताना साध्या पाइपने हलक्या धारेने कंडेन्सर धुवावा. प्रेशरची धार मारली तर पापुद्रे वाकतात आणि होता त्याहून वाईट होते. एक बारकावा आपल्या हवामानाचा आहे. गाडीखाली पाण्याचे थेंब पडले पाहिजेत, जाड नळीला दरदरून घाम आला पाहिजे, असे सल्ले दिले जातात. ते दमट हवेला लागू पडतात. वैशाखातल्या विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी कमीच पडते, तो बिघाड नव्हे. उलट पावसाळ्यात पायाखालची मॅट ओली होऊ लागली तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एवढे पाहून झाल्यावर नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग शोधावेत. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेल उमटते आणि त्यावर धूळ चिकटून काळा डाग पडतो. तो डाग मोबाइलवर टिपून मेकॅनिकला दाखवावा. इथे मालकाचे काम संपते, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगतो. फॅन अचानक फिरतो, म्हणून पदर, ओढणी, उपरणे सावरूनच बोनेटमध्ये वाकावे. आणि गॅसच्या नळीचा एकही नट सैल करू नये. ४० अंशांच्या उन्हात बंद उभ्या गाडीतही या नळ्यांमध्ये टायरमधल्या हवेच्या चौपट दाब असतो. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्याची धार डोळ्यावर किंवा हातावर आली तर थंडीने ऊती जळतात. ऑनलाइन मिळणारे गॅसचे डबे घरी जोडण्याचा मोहही टाळलेलाच बरा. आत किती गॅस शिल्लक आहे हे माहीत नसताना अंदाजाने भरलेला जादा गॅस थंडावा वाढवत नाही, दाब वाढवतो आणि कॉम्प्रेसर मारतो. शिवाय डब्यात काय आहे याची खात्री नसते. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही शीतकंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून कामगार दगावले, तेव्हा त्यात भरलेला गॅस भेसळीचा असल्याचे पुढे आले होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो नव्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा: सेन्सरांच्या या जंजाळात सामान्य माणसाने काय पाहायचे? सेन्सरचा दोष घरी सापडणार नाही, हे मान्य. पण धूळ, तुंबलेला फिल्टर, बंद फॅन आणि चुकीचे बटण यांना सेन्सर लागत नाही, आणि जो दोष सापडत नाही तोही या तपासणीने बराच आवाक्यात येतो. ‘गार होत नाही’ असे सांगणारा मालक आणि ‘चालताना गार होते, थांबल्यावर होत नाही, फॅन फिरत नाही’ असे सांगणारा मालक, यांची दुरुस्ती सारखी होणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशीममध्ये एसी हा चैनीचा विषय नाही का? मला तसे वाटत नाही. मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून समृद्धी गेला, अकोला-नांदेड महामार्गावर ट्रकांची वर्दळ आहे आणि २०२५पासून नव्या मालट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. भाड्याच्या मोटारीत दिवस काढणारा चालक आणि रुग्णाला घेऊन दुपारी अकोल्याला निघालेली रुग्णवाहिका यांच्यासाठी गार हवा ही सुरक्षिततेची बाब आहे. जुनी गाडी घेतलेल्या कुटुंबाला तर दरवर्षीचे दोन हजार अधिकच जड जातात.

राहिला प्रश्न मेकॅनिकच्या पोटाचा. गळती शोधणे, जोड बदलणे, व्हॅक्यूम मारून नळ्यांतली ओल काढणे, वजन करून गॅस भरणे, हे काम डबा जोडण्यापेक्षा जास्त कौशल्याचे आहे आणि त्याचे दामही जास्त असायला हवेत; ते देण्याची तयारी मालकाने ठेवली पाहिजे. आज घाईचे काम स्वस्त आणि नीट काम महाग वाटते म्हणून मेकॅनिकही डब्याकडेच वळतो. दोष एकट्याचा नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन निराळे ट्रेड आहेत आणि मोटारीचा एसी त्या दोघांच्या बांधावर पडतो. केंद्राने मार्च २०१९मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजपर्यंत ते पोहोचवायचे असेल तर जुना गॅस हवेत न सोडता काढून घेणारे यंत्र आणि गळती शोधणारा डिटेक्टर घेण्यासाठी छोट्या गॅरेजांना कर्ज किंवा अनुदान मिळायला हवे. एकेका गॅरेजला न परवडणारे यंत्र चार जणांनी मिळूनही घेता येईल.

माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८पासून आर-१३४एच्या जातीच्या गॅसांच्या वापरावर मर्यादा घालायची आहे आणि २०३२पर्यंत त्यात दहा टक्के घट करायची आहे. म्हणजे आज सहज मिळणारा डबा पुढे तितका सहज मिळेलच असे नाही. तोवर एक गोष्ट मालकांच्या हातात आहे आणि तिला कोणत्याही कायद्याची गरज नाही. बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. गॅरेजच्या बिलावर गॅस किती ग्रॅम निघाला, किती भरला आणि गळती कोणत्या जोडावर सापडली, एवढे लिहून घ्यावे. पुढच्या उन्हाळ्यात थंडावा पुन्हा कमी झालाच, तर तोच कागद मेकॅनिकपुढे ठेवता येईल.