पान सोडल्याशिवाय पारख होत नाही

संकेतस्थळ विश्वासार्ह आहे की नाही हे ओळखण्याची एक ठरावीक यादी संगणकाच्या तासाला वर्षानुवर्षं सांगितली जाते. मांडणी नीटनेटकी आहे का, शुद्धलेखन बरोबर आहे का, ‘आमच्याविषयी’ असं पान आहे का, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ आहे का. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ही यादीच मुळात चुकीची आहे.

कारण तिच्यातली प्रत्येक खूण पान बनवणाऱ्याच्याच हातात असते. डॉट ऑर्ग हा पत्ता पैसे भरून कुणालाही घेता येतो. ज्याला फसवायचंच आहे, तो या खुणांची पूर्तता सगळ्यांत आधी करतो. आणि आपण भुलतो. २००२ साली स्टॅनफर्डमधल्या बी. जे. फॉग यांच्या गटाने अडीच हजारांहून जास्त लोकांना संकेतस्थळं पारखायला दिली, तेव्हा त्यांच्या ४६ टक्के शेऱ्यांत उल्लेख होता तो दिसण्याचा.

यावर विद्वान मंडळी म्हणतात, मजकूर बारकाईने वाचला की खरं-खोटं कळतंच. तेही टिकत नाही. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांच्यापुढे बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं ठेवली होती. एक १९३० पासूनची मोठी मान्यताप्राप्त संघटना, दुसरा तिच्यातून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट. बहुतेक विद्यार्थ्यांना त्या गटाचंच पान जास्त भरवशाचं वाटलं. इतिहासकारांसारखे मुरलेले वाचकही गोंधळले. तथ्यतपासनीस मात्र पान वाचत बसलेच नाहीत. त्यांनी लगेच नवे टॅब उघडले आणि ‘हे लोक कोण, यांच्याबद्दल इतर काय म्हणतात’ हे शोधलं. सामान्य माणसाला एवढा वेळ कुठे, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की सर्वांत कमी वेळात अचूक उत्तरापर्यंत पोचले ते हेच.

आपल्याकडची रोजची गोष्ट घ्या. शिक्षकांच्या किंवा शेतकऱ्यांच्या ग्रुपवर शासन निर्णयाची पीडीएफ येते. वर राजमुद्रा, खाली अवर सचिवांची सही. हे दोन्ही कुणीही चिकटवू शकतं. ती झूम करून न्याहाळत बसू नका. शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो. लांबलचक आकडा, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या शोधात तो टाका आणि निघालेला निर्णय ग्रुपवरच्या प्रतीशी ताडून पाहा. तिथे तो मिळाला नाही, तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका.

शोधयंत्रात सर्वांत वर आलं म्हणून खरं, हा समजही सोडला पाहिजे. वरच्या ओळी कित्येकदा जाहिरातीच्या असतात.

आता दोष सगळा वाचकाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. सरकारी माहिती स्कॅन केलेल्या पानांत किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात अडकलेली असेल तर मराठीत शोधणाऱ्याला ती सापडणार कशी? अस्सल पान सापडत नाही, मोबाइलवर नीट उघडत नाही, तेव्हा माणूस चकचकीत नकलेकडे जातो. म्हणून वापरायला सोपं संकेतस्थळ हा नागरिकाचा हक्क मानला पाहिजे. प्रत्येक विभागाने ग्रुपवर पीडीएफ सोडणं बंद करून मूळ पानाचा दुवा द्यावा, आणि संगणकाच्या तासाला ती जुनी यादी पाठ करून घेण्याऐवजी मुलांकडून दुसरा टॅब उघडवून घ्यावा.