ग्रीनलंड मोठं की काँगो?

तीन सोपे प्रश्न विचारतो. मोबाइल बाजूला ठेवून उत्तरं द्या.

पहिला: अटलांटिक महासागरातून पनामा कालव्यात शिरलेलं जहाज पॅसिफिकला पोहोचतं, तेव्हा ते निघालं तिथून पूर्वेला असतं की पश्चिमेला? दुसरा: ग्रीनलंड मोठं की आफ्रिकेतला काँगो, म्हणजे किन्शासा ज्याची राजधानी आहे तो देश? तिसरा: न्यूयॉर्कच्या मशिदीत नमाजाला उभं राहायचं तर तोंड कुठे करायचं?

कॉलेजच्या मुलामुलींच्या गटात मी हे प्रश्न अनेकदा विचारतो. बहुतेकांची उत्तरं ठरलेली असतात: पश्चिमेला, ग्रीनलंड, आग्नेयेला. तिन्ही चूक. पनामाची चिंचोळी पट्टी आडवी वळलेली आहे, त्यामुळे जहाज आग्नेयेकडे जातं आणि पॅसिफिकला बाहेर पडतं ते आधीपेक्षा पूर्वेला. ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर, काँगो सुमारे २३.४५ लाख. आपला भारत तर ग्रीनलंडच्या दीडपट. आणि न्यूयॉर्कचा किब्ला ईशान्येला आहे. मक्का न्यूयॉर्कच्या बरीच दक्षिणेला असूनसुद्धा.

मुलं हसतात, मग थोडी चिडतात. 'सर, नकाशात तर तसं दिसत नाही!' खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करून बघा. ती फाटते किंवा ताणावी लागते. गोल पृष्ठभाग कागदावर आणताना काहीतरी बिघडणारच, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केलं. आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा यांपैकी काय सांभाळायचं आणि काय सोडून द्यायचं, हे नकाशा काढणाऱ्याला ठरवावं लागतं. त्या ठरवण्याला प्रक्षेपण म्हणतात.

आपल्या डोळ्यांत बसलेला जगाचा नकाशा गेरार्ड मर्केटरने १५६९ साली काढला. त्याचं गिऱ्हाईक होतं खलाशी. होकायंत्राचा काटा एकाच कोनात धरून जहाज हाकायचं तर तो मार्ग कागदावर सरळ रेघ यावा, ही त्यांची गरज होती. मर्केटरने ती पुरवली. किंमत क्षेत्रफळाने मोजली. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं सगळं फुगत जातं. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

इथे व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास येतो: 'गोऱ्यांनी मुद्दाम आफ्रिका छोटी काढली.' मला हा मेसेज पटत नाही. मर्केटरने जहाजासाठी हत्यार बनवलं आणि ते उत्तम बनवलं. आजही मोबाइलवरचे नकाशे त्याच घराण्यातले आहेत, कारण त्यात कोन बिघडत नाहीत. आपल्या मोहल्ल्यातला काटकोनी चौक स्क्रीनवर काटकोनीच दिसतो. चूक झाली ती पुढे. खलाशांचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर आला आणि पिढ्यानपिढ्या मुलांनी त्यावरून देशांची मोठाई मोजली. ज्यांनी तो टांगला, त्यांना स्वतःचा प्रदेश मोठा दिसण्यात अडचण वाटली नाही, एवढं मात्र म्हणता येईल. सवय आणि सोय मिळून अन्याय करतात, त्याला कारस्थान लागत नाही.

दुरुस्तीचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९७३ साली आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकाराने जगाला न्याय देणारा नकाशा म्हणून एक नकाशा पुढे आणला. त्यात क्षेत्रफळं बरोबर होती, पण आफ्रिका वाळत घातलेल्या ओल्या कपड्यासारखी लांबट झाली. शिवाय जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने तोच प्रकार १८५५ सालीच मांडला होता. हेतू न्यायाचा असला तरी संत्र्याची साल ताणली जातेच. २०१८ साली तीन नकाशातज्ज्ञांनी 'इक्वल अर्थ' हे प्रक्षेपण तयार केलं. त्यात क्षेत्रफळ बरोबर राहतं आणि आकारही फार विचित्र होत नाहीत. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर सोडून असा नकाशा वापरावा या मोहिमेला पाठिंबा दिला. मला ही मागणी रास्त वाटते. शाळेच्या भिंतीवर प्रश्न 'कोण किती मोठं' हा असेल, तर त्याचं उत्तर देणारा नकाशा हवा.

आता आपल्याकडे वळू. इद्रीसीचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. दक्षिण वर, उत्तर खाली. 'बघा, आपल्या पूर्वजांनी जग उलटं करून दाखवलं!' अशी ओळ त्याखाली असते. त्या काळच्या अरबी नकाशांत दक्षिण वर ठेवण्याची रीतच होती, युरोपातल्या अनेक जुन्या नकाशांत पूर्व वर असे. वर-खाली हा निव्वळ रिवाज आहे. इद्रीसीच्या कामातली अभिमानाची गोष्ट मला वेगळीच वाटते. ११५४ साली सिसिलीत, रॉजर दुसरा या ख्रिस्ती राजाच्या दरबारात, एका मुसलमान विद्वानाने प्रवाशांकडून माहिती गोळा करून, ती एकमेकांशी ताडून जग मांडलं. त्यात चुकाही आहेत, आफ्रिका पूर्वेकडे भलतीच लांब गेली आहे. त्या चुका लपवून अभिमान बाळगायची गरज नाही.

किब्ल्याचं गणित तर याहून सुंदर आहे. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साधारण २१ अंश. तरी नागपूरचा किब्ला नेमका पश्चिमेला नाही, सुमारे ८ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. मुंबईत हा झुकाव सुमारे १० अंशांचा. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो, म्हणून असं होतं. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने गझनीचा किब्ला काढताना शहरांचे अक्षांश-रेखांश तपासले आणि एकाहून अधिक पद्धतींनी हिशोब केला. श्रद्धेचा प्रश्न होता, म्हणून मोजमाप ढिलं चालेल असं त्याला वाटलं नाही.

आपल्या मनातही असे नकाशे टांगलेले असतात. 'मुस्लिम जग' म्हटलं की वाळवंट आणि उंट डोळ्यांपुढे येतात. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत पहिलं नाव घेतलं जातं त्या इंडोनेशियाची पूर्व-पश्चिम लांबी ५,००० किलोमीटरहून अधिक आहे, मुंबई ते इस्तंबूल या अंतरापेक्षा जास्त. आपल्या कल्पनेत त्याला जागा किती? दुसरीकडे टीव्हीच्या चर्चांत आपला समाज भांडणापुरता ग्रीनलंडसारखा फुगतो. रिक्षा चालवणारे, नर्सिंग करणारे, स्पर्धा परीक्षेला बसणारे आपले लोक त्या पडद्यावर टिंबाएवढेही दिसत नाहीत. आणि आपल्या ग्रुपांमधले फॉरवर्ड बघून इतरांविषयी आपण मत बनवतो, तेव्हा आपणही तेच करतो. एका गल्लीतला प्रसंग अख्ख्या समाजाएवढा करतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. कोणताही नकाशा, आलेख, टक्केवारी समोर आली की दोन गोष्टी विचारा: हे कशासाठी बनवलंय, आणि हे बनवताना काय ताणलं गेलंय? आपल्या बाजूचं असेल तेव्हा तर आधी विचारा.

आणि एक काम करण्यासारखं आहे. मोहल्ल्यात अभ्यासिका असेल, तर वर्गणी काढून एक पृथ्वीगोल आणा. मुलांना दोरा द्या. त्याचं एक टोक न्यूयॉर्कवर, दुसरं मक्केवर धरून दोरा ताणायला सांगा. तो आधी ईशान्येला जातो, हे त्यांना स्वतःच्या बोटांनी कळेल. मग मुंबईवरून धरू द्या, मग त्यांना हव्या त्या गावावरून.