पोरीच्या पेटीची झडती

जंगलखात्याचा गार्ड झडतीला घरात शिरला, तर आपण म्हणतो, आधी कागद दाखव. मग काही आश्रमशाळांत पोरींच्या पेट्या सगळ्यांसमोर उपसतात, सुट्टीवरून आलेल्या पोरीला लघवी तपासल्याशिवाय आत घेत नाहीत, तेव्हा आपण गप का? पोरगी लाजेनं बोलत नाही; एक दिवस शाळाच सोडते.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो आपल्या पोरीलाही आहे. काही चोरीला गेलं, तर जिच्यावर संशय तिलाच विचारा, आईबापाला बोलावून. अंगाला हात नको.

आयाबायांनो, ग्रामसभेत ठराव घ्या. प्रकल्प कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.