दोन देश, दोन पासपोर्ट : कोणत्या दारात कोणता?



ज्याची एकही शाखा समुद्रापार गेलेली नाही, असे घर आज आपल्या समाजात शोधूनच काढावे लागेल. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत आहे, कोणाची लेक लंडनमध्ये, तर कोणाचे नातलग तीन पिढ्यांपासून नैरोबीत. सुट्टीचे किंवा लग्नसराईचे दिवस जवळ आले की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो : "नातवंडांकडे दोन-दोन पासपोर्ट आहेत, येताना कोणता दाखवायचा आणि जाताना कोणता?" वरवर पाहता हा प्रश्न प्रवासाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो नागरिकत्वाचा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सोयीने ठरवता येत नाही.

यातील मूळ तत्त्व फार जुने आहे. राष्ट्रीयत्वाविषयी १९३० साली हेग येथे झालेल्या करारात ते स्पष्ट मांडलेले आहे. ज्या व्यक्तीला दोन देशांचे नागरिकत्व आहे, तिला त्या दोन्ही देशांपैकी प्रत्येक देश आपलाच नागरिक मानू शकतो. आणि तिच्या दोन देशांपैकी एक देश दुसऱ्याविरुद्ध तिच्या बाजूने राजनैतिक संरक्षणाचा हात पुढे करू शकत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा, की ज्या देशाचे आपण नागरिक आहोत त्या देशाच्या दारात आपण पाहुणे म्हणून उभे राहू शकत नाही. तेथे आपण घरचे असतो; घरच्या माणसाचे हक्कही आपले आणि कर्तव्येही आपलीच.

यावरून पहिला नियम सहज निघतो. ज्या देशाचे नागरिकत्व आहे, त्या देशात शिरताना आणि तेथून निघताना त्याच देशाचा पासपोर्ट वापरावा. अमेरिकेत तर हा कायदाच आहे. अमेरिकी नागरिकाने, मग त्याच्याकडे आणखी कोणतेही नागरिकत्व असो, अमेरिकेत प्रवेश करताना आणि तेथून बाहेर पडताना अमेरिकी पासपोर्टच बाळगला पाहिजे. कॅनडाने १० नोव्हेंबर २०१६ पासून दुहेरी नागरिकांना कॅनडाच्या विमानात चढण्यासाठी कॅनडाचाच वैध पासपोर्ट आवश्यक केला. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या कॅनडावासीयांना तेवढी सूट आहे. ऑस्ट्रेलियाही आपल्या नागरिकांना येताना-जाताना ऑस्ट्रेलियाचाच पासपोर्ट वापरण्यास सांगतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. विमानतळावर आपण दोन वेगवेगळ्या खिडक्यांपुढे उभे राहतो. पहिली विमान कंपनीची. तिला एवढेच जाणून घ्यायचे असते, की जेथे उतरणार आहात तेथे तुम्हाला प्रवेश मिळेल ना? प्रवेश नाकारला गेला तर त्या प्रवाशाला परत आणण्याचा भार आणि अनेकदा दंडही कंपनीवर पडतो. म्हणून ती इतकी काटेकोर असते. दुसरी खिडकी सरकारी तपासणीची. तिला, तुम्ही या देशातून कोणत्या नात्याने जात आहात किंवा येथे कोणत्या नात्याने येत आहात, हे पाहायचे असते. समजा, एखाद्या मुलीला ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे. लंडनहून न्यूयॉर्कला निघताना तिने विमान कंपनीला अमेरिकी पासपोर्ट दाखवावा, कारण उतरायचे आहे अमेरिकेत. परतताना कंपनीला ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा आणि लंडनला उतरल्यावरही तोच. दोन्ही पासपोर्ट सोबत असणे यात गैर काहीच नाही. त्या दोन्ही देशांना ते मान्य आहे. तिसऱ्या एखाद्या देशात मात्र ज्या पासपोर्टवर प्रवेश केला, त्याच पासपोर्टवर बाहेर पडावे. अन्यथा आल्याची नोंद एका नावे आणि गेल्याची नोंदच नाही, असा घोळ होतो.

आता भारताकडे वळू. कारण आपल्या घरांतील खरा गोंधळ येथेच आहे. वर सांगितलेला दोन पासपोर्टांचा नियम भारतीय पासपोर्टला लागू होत नाही, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते, की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले, की त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यासाठी कोणता अर्ज करावा लागत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही. तिकडे शपथ घेतली, की इकडचे नाते कायद्याने त्याच दिवशी संपते. दुसऱ्या देशाने काय मान्य केले, याला येथे महत्त्व नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपल्या नव्या नागरिकांना आधीचे नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली. त्यामुळे तेथील काही भारतीयांना आपण आता दोन्ही देशांचे नागरिक होऊ शकतो असे वाटते. जर्मनीची हरकत नसली तरी भारताचा कायदा तोच आहे. ग्रीन कार्ड किंवा कामाचा व्हिसा ही मात्र वेगळी गोष्ट. तो केवळ राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. तेथपर्यंत भारतीय पासपोर्ट अबाधित राहतो.

आणि येथेच आपण वडीलधारी माणसे प्रेमापोटी एक घातक सल्ला देतो. मुलाने अमेरिकी नागरिकत्व घेतलेले असते, पण कपाटातील भारतीय पासपोर्टवर अजून चार वर्षांची मुदत छापलेली असते. घरी कोणी अत्यवस्थ आहे, व्हिसाला वेळ लागेल, म्हणून आपण सांगतो, "अरे, जुना पासपोर्ट आहे ना, त्यावर येऊन जा." पासपोर्टवरची तारीख ही पुस्तिकेची मुदत असते, तिच्यामागचा अधिकार शपथेच्या दिवशीच संपलेला असतो. परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यासाठी दंड आकारला जातो. तो पासपोर्ट भारतीय वकिलातीत जमा करून रद्द करून घ्यावा लागतो आणि तसे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते हाती नसेल तर पुढे ओसीआय कार्डाचा अर्जही अडतो. म्हणजे आजची सोय उद्याच्या साऱ्या वाटा बंद करते. आईला एकदा डोळे भरून पाहण्यासाठी लेकाने धाव घ्यावी आणि कागदाने त्याला दारात अडवावे, याहून क्लेशकारक काय असेल? तो क्लेश आधीच टाळता येतो, म्हणून हे इतके विस्ताराने लिहिले.

ओसीआय या नावातच 'सिटिझन' हा शब्द असल्याने अनेकांची समजूत होते, की हे अर्धे नागरिकत्व आहे. तसे नाही. २००५ च्या दुरुस्तीने ही योजना आली. पूर्वीचे पीआयओ कार्ड जानेवारी २०१५ मध्ये तिच्यातच विलीन झाले. ओसीआय म्हणजे भारतात कितीही वेळा येण्याचा, कितीही दिवस राहण्याचा आजीवन व्हिसा होय. कार्डधारकास मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्याकडील शेतकरी घरांनी वाटणीचे व खरेदीचे बेत आखताना हे विसरू नये. मुख्य म्हणजे ओसीआय हा पासपोर्ट नव्हे. त्याच्याबरोबर परदेशी पासपोर्ट हवाच. नातवाकडे ब्रिटिश व अमेरिकी असे दोन पासपोर्ट असतील, तर भारतात येताना ज्या पासपोर्टची नोंद ओसीआयला जोडलेली आहे, तोच वापरावा. वीस वर्षांच्या आतील मुलांनी प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर त्याची प्रत व नवे छायाचित्र तीन महिन्यांच्या आत संकेतस्थळावर चढवायचे असते. त्यास शुल्क नाही. वयाच्या विसाव्या वर्षानंतर पासपोर्ट नवा झाला, की कार्डही एकदा नव्याने काढावे लागते.

परदेशी जन्मलेल्या बाळांविषयी दोन शब्द. आईवडील भारतीय नागरिक असतील तर बाळाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवून त्याला भारतीय नागरिकत्व मिळवता येते. पण त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. असे मूल जन्माने दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते दुसरे नागरिकत्व सोडावे लागते; न सोडल्यास भारतीय नागरिकत्व जाते. अमेरिकेत जन्मलेले बाळ तेथील कायद्याने अमेरिकी नागरिकच असते व अमेरिकेत परतताना त्याला अमेरिकी पासपोर्ट लागतोच. म्हणून अशा बाळासाठी अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय हीच सरळ वाट ठरते. दोन्ही देशांना वेगवेगळे सांगून दोन पासपोर्ट मिळवण्याचा मोह पालकांनी धरू नये. त्याची किंमत पुढे मुलालाच मोजावी लागते.

हा सारा कागदांचा खेळ आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांचा इतिहास आठवावा. तेथील देश स्वतंत्र झाले तेव्हा अनेक भारतीय घरांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. पण १९६८ मध्ये ब्रिटनने कायदा करून, ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा ब्रिटनशी जोडलेले नव्हते अशा आपल्याच पासपोर्टधारकांचा मुक्त प्रवेश रोखला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडा सोडण्यासाठी नव्वद दिवस दिले. तेव्हा स्वतःला युगांडाचे नागरिक समजणाऱ्या अनेकांचे दावे, ब्रिटिश नागरिकत्व मुदतीत व रीतसर सोडले नव्हते, या कारणावरून फेटाळले गेले. पिढ्यानपिढ्यांची दुकाने, घरे मागे टाकून ही माणसे निघाली. आज लेस्टरसारख्या शहरात जी नांदती घरे दिसतात, त्यांपैकी कित्येकांच्या मुळाशी ही ताटातूट आहे. एका वेळेवर न भरलेल्या कागदाचे मोल तेव्हा घराएवढे झाले.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. तिकिटावरील नाव आणि दाखवायच्या पासपोर्टवरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी पद्धत असल्याने एका पासपोर्टवर मधले नाव असते, दुसऱ्यावर नसते; लग्नानंतर मुलींची नावे बदलतात. दोन पासपोर्टांवर दोन नावे असतील तर विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचा पुरावा सोबत ठेवावा. मुदत संपण्यास सहा महिन्यांहून कमी काळ उरला असेल तर प्रवासापूर्वीच नूतनीकरण करावे. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या वकिलातीचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. शेजाऱ्याचा अनुभव कितीही ताजा असला तरी तो पुरावा नव्हे.

परदेशातील मुलांशी या आठवड्यात बोलाल तेव्हा खुशालीबरोबर एवढे तीन प्रश्न विचारावेत. नागरिकत्व बदलले असल्यास भारतीय पासपोर्ट जमा केला का? नातवंडांचे ओसीआय काढले का? त्यावर सध्याच्या पासपोर्टची नोंद आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर ते काम पुढच्या निमंत्रणापर्यंत लांबणीवर टाकू नये. लग्नाची तारीख आधी कळते. घराकडे धावण्याची सगळीच कारणे तशी सांगून येत नाहीत.