तापी दाराशी, रान कोरडं



तापीमाईची ओटी आपण भरतोच. आज तिचा हिशेब मांडू.

बैतूल जिल्ह्यातलं मुलताई हे तिचं माहेर. आषाढ शुद्ध सप्तमीला तिथे तिचा जन्मोत्सव होतो. बऱ्हाणपूर ओलांडून ती खानदेशात येते. चांगदेवला पूर्णा भेटते, पुढे गिरणा, पांझरा, आणि प्रकाश्याला आपली गोमाई. मग उकाई, काकरापार, सुरत आणि समुद्र. एकूण ७२४ किलोमीटरची वाट, त्यातली २२८ महाराष्ट्रातली. पण ज्या रानातलं पाणी तिला मिळतं, त्या ६५,१४५ चौरस किलोमीटरांपैकी साडेएक्कावन्न हजार महाराष्ट्रात आहेत. म्हणजे रुपयातले जवळपास ऐंशी पैसे आपले!

मग कापूस आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर का?

गुजरातवर बोट दाखवणं सोपं. उकाई धरण १९७२ मध्ये झालं, त्यात आपल्याकडचीही गावं बुडाली. ते दुःख खरं. पण तिथल्या शेतकऱ्याशी आपलं भांडण नाही. काकरापारपासून त्याच्या उसाला पाटाचं पाणी उताराने जातं. आपल्याकडे तापी खोल कड्यांमधून वाहते. पाणी खाली, रान वर. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना पुलावरून बघा: बॅरेजमागे पाणी थोपलेलं असतं आणि कोसभर आतल्या रानात पऱ्हाटी माना टाकते. तिथून पाणी वर यायचं तर मोटार हवी, वीज हवी, पाइप हवा.

हेच सरकारी हिशेबात बसत नाही. बॅरेजचं काँक्रीट सरकारी पैशाचं; पाणी उचलण्याचा खर्च आणि बिल शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या माथी. सारंगखेडा-प्रकाशा पट्ट्यातल्या बावीस उपसा योजना वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या. थकबाकी वाढली, वीज तुटली, पंप गंजले, आणि सातबाऱ्यावर बोजा मात्र राहिला. न आलेल्या पाण्याचं कर्ज! पाणी अडलं की सिंचन झालं, असं धरणाच्या कागदावरच होतं.

आमचं म्हणणं असं: पाणी उचलणं हा बॅरेजचाच भाग धरा. पंप आणि पाइप सरकारने चालू करून द्यावेत, दिवसा वीज द्यावी. पट्टी आम्ही भरू, पण शेतात आलेलं पाणी मोजून. मोफत कुणी मागत नाही.

जिल्हा बैठकीला येताना उपसा योजनेच्या सभासदांनी कर्जाचा उतारा आणि शेवटचं पाणी कोणत्या साली आलं त्याची नोंद सोबत आणावी. गावागावाची यादी तिथेच करू.