पुन्हा पुन्हा येणारा ताप आणि आपली लेकरे

संधिवात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळणारी आजी. पाच वर्षांच्या नातवाला संधिवात झाला आहे असे कुणी सांगितले, तर घरची माणसे सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील. तापाचीही तीच गत आहे. ताप आला, दोन-तीन दिवस राहिला, गोळीने किंवा गोळीविना उतरला, की तो विषय संपला. महिन्याने तो पुन्हा आला तर कुणी हिवताप म्हणते, कुणी विषमज्वर, कुणी दात येण्याचे कारण पुढे करते आणि उपाय थकले की कुणीतरी नजर उतरवावयास सांगते. आम्ही खेडोपाडी घरभेटींना जातो तेव्हा श्रद्धावंतांच्या घरीही पवित्र क्रुसाच्या शेजारी काळा दोरा बांधलेले मूल दिसते. त्या दोऱ्याबद्दल रागवावे असे पूर्वी आम्हांस वाटे. हल्ली वाटते, की त्या माउलीला नीट उत्तर देणारे कुणी भेटलेच नाही.

फेब्रुवारी महिन्यात लुर्दमातेच्या सणाच्या दिवशी, ११ तारखेला, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तो घोषित केला. त्याच महिन्याचा अखेरचा दिवस २००८ पासून जगभर दुर्मीळ आजारांचा दिवस म्हणून पाळला जातो. या दोन दिवसांच्या निमित्ताने आपल्या धर्मप्रांतातील परभणीसारख्या जिल्ह्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. कारण वारंवार येणाऱ्या तापांविषयीचे संशोधन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार पुढे गेले आहे, मात्र त्याचा प्रकाश पूर्णा आणि पालमपर्यंत पोहोचलेला नाही.

हे संशोधन थोडक्यात असे. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या ज्यू, अरब, तुर्की व आर्मेनियन घराण्यांत एक विचित्र ताप पिढ्यान्‌पिढ्या दिसत असे. एक ते तीन दिवस ताप, पोटात असह्य कळा, छातीत किंवा सांध्यांत दुखणे, आणि मग काही घडलेच नाही असे मूल खेळू लागायचे. उपचाराविना अनेकांची मूत्रपिंडे पुढे निकामी होत. १९९७ मध्ये या आजाराचा जनुक सापडला. १९९९ मध्ये अशाच दुसऱ्या एका आनुवंशिक तापाचे मूळ उलगडले आणि शास्त्रज्ञांनी एक नवा वर्गच कल्पिला. या मुलांच्या शरीरात जंतू नसतो. शरीराचा स्वतःचा पहारेकरीच चोर नसताना आरोळी ठोकतो आणि सारे गाव जागे करतो. म्हणूनच प्रतिजैविकांच्या कितीही बाटल्या संपवल्या तरी हा ताप आपल्याच वेळेला येतो व आपल्याच वेळेला जातो.

भूमध्य तापावर कोल्चिसिन हे जुने, स्वस्त औषध उपयोगी पडते हे १९७२ पासून ठाऊक आहे. हेच द्रव्य आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात असते. (हे वाचून कुणी कंद उगाळून देऊ नये; तो प्राणघातक विषारी आहे.)

आता कुणी म्हणेल, भूमध्य समुद्र कुठे आणि गोदाकाठ कुठे! परंतु भारतीय कुटुंबांतही असे आजार आढळू लागले आहेत. २०१४ साली प्रथम वर्णिलेल्या अशाच एका आनुवंशिक आजारात लहान मुलांना ताप येतो, रक्तवाहिन्यांना सूज येते व कोवळ्या वयात पक्षाघातही होतो. पुढे भारतातील डॉक्टरांनीही या आजाराचे रुग्ण नोंदविले. मुंबईला परळ येथे १९२९ पासून मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. जवळच केईएमच्या आवारात १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासासाठी सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आज प्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक दोषांवर काम करते. याच मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' नावाचा दुर्मीळ रक्तगट शोधला. तो रक्तगट आणि यांपैकी कित्येक ताप एकाच रीतीने वारशात येतात: आई व वडील दोघेही तो दोष लपवून वाहत असतील, तरच तो मुलात उमटतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत ती शक्यता चारात एक असते.

येथे आम्हांला एका नाजूक विषयाकडे वळावे लागते. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतूनही ती सर्वस्वी गेलेली नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. म्हणजे घराण्यात लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता परक्या घरच्या सोयरिकीपेक्षा वाढते. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील १०९१ वा नियम चौथ्या अंशापर्यंतच्या रक्तसंबंधात विवाह अवैध ठरवतो, आणि सख्खी आते-मामे भावंडे चौथ्याच अंशात येतात. बिशपांकडून सूट मिळू शकते आणि तेवढेच लोक लक्षात ठेवतात. ख्रिस्तसभेने हा नियम जनुके पाहून केलेला नाही. संत ऑगस्टिन यांनी सांगितलेले कारण वेगळे आहे: विवाहाने प्रेमाचे नवे नाते जुळावे, असलेलेच नाते दुहेरी होऊ नये. तरीही सुटीचा अर्ज घेऊन येणाऱ्या कुटुंबाला वैद्यकीय बाजू समजावून सांगणे हे धर्मगुरूंचे कर्तव्य आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि आजारी मूल जन्मले म्हणून सुनेला दोष देणे हा शुद्ध अन्याय आहे; दोष उभयतांकडून येतो, आणि तो कुणाचे पापही नसतो.

हे सर्व मान्य करूनही आम्हांस एक भीती वाटते. जनुकांच्या नवलाईत आपण त्या आजाराला विसरू, जो आनुवंशिक तापांहून कितीतरी अधिक लेकरांना अपंग करतो आणि जो पूर्णपणे टाळता येतो. तो म्हणजे रुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो तोच घोटा सुजतो. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात, आणि ते कळते पुष्कळदा मुलगी पहिल्यांदा गरोदर राहून धापा टाकू लागते तेव्हा. हा आजार दाटीवाटीच्या घरांचा, म्हणजे गरिबांचा आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्याविरुद्ध ठराव केला. उपाय दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन हा आहे. ते दुखते, पण महाग नाही. ते किमान पाच वर्षे, झडपांना इजा झाली असल्यास त्याहूनही पुष्कळ अधिक काळ घ्यावे लागते.

आणि घोडे अडते ते येथेच. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालमकडील कुटुंबांचा कोयता कारखान्याच्या फडावर निघाला की मूल बैलगाडीबरोबर जाते. इंजेक्शनचे कार्ड घरी राहते. मुकादमाची उचल घेतलेल्या बापाने तीन आठवड्यांनी खाडा करून मुलाला दवाखान्यात न्यावे अशी अपेक्षा करणे सोपे आहे. पण खाड्याची मजुरी कोण भरून देणार?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात, आणि तपासणीच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग आहे. परंतु तपासणीच्या दिवशी फडावर असलेले मूल त्या वहीत गैरहजर एवढेच नोंदले जाते. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले, केईएम हे त्याचे एक उत्कृष्टता केंद्र झाले आणि मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढली. मात्र ती मदत यादीतील आजारांनाच मिळते, आणि यादीत येण्यापूर्वी निदान व्हावे लागते. परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणे, फलाटावर उतरून परळ शोधणे, पुन्हा महिन्याने येणे, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे बालकांच्या संधिवाताची महिन्यातून एकदा जरी बाह्यरुग्ण तपासणी झाली, तरी अनेकांची ही यातायात वाचेल.

तोवर धर्मग्रामांना एक काम करता येईल. शुभवर्तमानात कफर्णहूमच्या अंमलदाराने मुलाचा ताप कोणत्या घटकेला उतरला हे चाकरांना आवर्जून विचारले. आपल्या आयांनीही तेच करावे. एक साधी वही घ्यावी. ताप कोणत्या तारखेला आला, किती चढला, किती दिवस राहिला, पुरळ, तोंडातील फोड, पोटदुखी होती काय, कोणता सांधा सुजला, सकाळी मूल लंगडते काय, आधी घसा दुखला होता काय, घरात आणखी कुणाला असे होत असे काय, हे लिहावे. सोळा वर्षांखालील मुलाचा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला तर त्याचे डोळेही तपासून घ्यावेत, कारण या आजारात न दुखता दृष्टी जाऊ शकते. लिहिता न येणाऱ्या आईची वही धर्मभगिनींनी किंवा रविवारच्या वर्गातील थोरल्या मुलींनी लिहून द्यावी. इंजेक्शनच्या कार्डाची एक प्रत धर्मगुरूंकडे राहावी, आणि कुटुंब ज्या कारखान्याकडे जाणार असेल तेथील जवळच्या धर्मग्रामास निघण्यापूर्वीच दूरध्वनी करावा.